वर्गणी, मदतफेरी आणि धर्मादायचा कागद: नियम नेमका कुणावर हवा?

कृष्णाकाठ | ११ ऑक्टोबर २०२५, रात्री ९.४०

मंडळी, आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर या विषयाचा पार विचका झाला, म्हणून इथं आणतोय.

सप्टेंबरच्या शेवटी सीना नदीला पूर आला. माढा, मोहोळ, परांडा भागात उभं पीक गेलं, दावणीची जनावरं गेली, कित्येकांच्या शेतातली मातीसुद्धा खरवडून गेली. आमच्याकडच्या पोरांनी लगेच एक क्यूआर कोड फिरवला. कोड त्यांच्यातल्याच एकाच्या बचत खात्याचा. आठवडाभरात तीन लाखांच्या वर जमले. पोरांनी किराणा, चादरी, जनावरांसाठी मुरघास भरून टेम्पो नेले, गावात सरपंचांना गाठून घरटी वाटप केलं, फोटो टाकले. इथवर सगळे खूश.

मग ग्रुपवरच्या एका निवृत्त काकांनी विचारलं, "धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घेतली होती का? आणि जमाखर्च कुठं आहे?" झालं! अर्धा ग्रुप काकांवर तुटून पडला ("माणसं पाण्यात आणि तुम्हाला कागद पाहिजेत"), उरलेल्यांनी गुपचूप काकांच्या मेसेजला अंगठा दिला. ज्याचं खातं होतं तो पोरगा ग्रुप सोडून गेला. पुढच्या वेळी तो काही करायला पुढं येणार नाही.

मी सांगलीचा. २०१९ च्या महापुरात आम्ही घेणाऱ्यांच्या बाजूला होतो. मदत अफाट आली, ती विसरणार नाही. पण शाळेच्या व्हरांड्यात जुन्या कपड्यांचा ढीग खिडकीच्या वर गेला होता. त्यात जरीची शेरवानी होती, विरलेले स्वेटर होते, जोडी नसलेले बूट होते. आणि हवे होते ते खराटे, टॉर्च, सॅनिटरी पॅड मात्र मिळता मिळेनात. आमच्या नावानं कुणी किती रुपये जमवले आणि ते कुठं लागले, हे आजतागायत माहीत नाही. आम्ही विचारलंही नाही. घेणाऱ्याची विचारायची टाप कुठं असते?

माझं मत थोडक्यात सांगतो. नियम मागणाऱ्यावर हवा, देणाऱ्यावर नको. आणि तोही आधीच्या परवानगीपेक्षा नंतरच्या हिशोबाचा. कायदा काय म्हणतो ते जाणकारांनी सांगावं, बाकीच्यांनी भांडावं.

ताळेबंद | ११ ऑक्टोबर, रात्री ११.०५

व्यवसायानं सीए आहे, न्यासांची (ट्रस्टची) ऑडिटं करतो, तेव्हा थोडं लांबेल.

आपल्याकडे हा कारभार १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली चालतो. पूर्वी त्याच्या नावात 'मुंबई' होतं, आता 'महाराष्ट्र' आहे. नोंदणीकृत न्यासाचे हिशोब दरवर्षी धर्मादाय कार्यालयात जातात. नोंदणी नसलेल्या मंडळानं, समितीनं किंवा चार मित्रांनी मिळून लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर कलम ४१-सी लागतं. गणपती-नवरात्रात मंडळं जी तात्पुरती परवानगी काढतात ती हीच. काम उरकलं की हिशोब सादर करायचा. विनापरवाना वर्गणी जमवली तर ६६-सी खाली तीन महिन्यांपर्यंत कैद आणि जमवलेल्या रकमेच्या दीडपटीपर्यंत दंड, अशी तरतूद आहे.

म्हणजे काका कायद्याला धरून बोलत होते. वेळ चुकली असेल, प्रश्न चुकला नाही.

पण पोराला खरा धोका धर्मादायचा नाही, आयकराचा आहे. नातेवाईक नसलेल्या लोकांकडून वर्षभरात ५० हजारांच्या वर रक्कम विनामोबदला खात्यात आली, तर ती त्याचं उत्पन्न धरली जाऊ शकते. ५० हजारांवरची नव्हे, सगळी. पैसे माझे नव्हतेच, हातून पुढं गेले, हे पटवता येतं, पण त्याला बिलं लागतात. त्याला म्हणावं, ग्रुप सोडलास तरी बिलं सोडू नकोस.

पेठेतला | ११ ऑक्टोबर, रात्री ११.५०

आमचं मंडळ आता नोंदणीकृत आहे, पण नव्हतं तेव्हा मी स्वतः ४१-सी चे कागद केलेत. ठराव, पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं, जागेची ना-हरकत, गेल्या वर्षीचा जमाखर्च. त्याशिवाय पोलिसांची परवानगी वेगळी, महापालिकेची मांडवाची वेगळी, विजेच्या तात्पुरत्या जोडणीचा अर्ज वेगळा. कार्यकर्ते ढोल वाजवायला येतात, अर्ज भरायला कुणी येत नाही.

तरी कागदाची भीती नाही. आमचा अहवाल दरवर्षी छापला जातो. पुढं-मागं जाहिराती, मधल्या पानांवर जमाखर्च आणि वर्गणीदारांची यादी. एखाद्याचं नाव राहिलं तर तो घरी येऊन भांडतो. लोक आधी स्वतःचं नाव बघतात, मग शेजाऱ्यानं किती दिले ते बघतात, मग 'मिरवणूक खर्च' या ओळीवर बोट ठेवून विचारतात, "एवढे?" सरकारी ऑडिटरनं कधी एवढं विचारलेलं नाही.

किराणा_मालक | १२ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

पेठेतले साहेब, तुमचं मंडळ चांगलं असेल. माझं दुकान चौकात आहे आणि चार दिशांना चार मंडळं.

पावती घरूनच फाडून आणतात. आकडा आधी लिहिलेला, ५००१. नावाची जागा तेवढी मोकळी. एका वर्षी मी म्हटलं, हजार देतो. तर पोरगा म्हणतो, "काका, खाली कार्बन उमटलाय, आता खोडता येत नाही." मी दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवाचे बांबू बरोब्बर माझ्या पायरीसमोर आडवे. कुणी मुद्दाम ठेवले असं म्हणता येणार नाही. हलवा म्हटलं तर "हो काका, हलवतो" म्हणायचे. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जायचं.

पोलीस दरवर्षी सांगतात, जबरदस्तीनं वर्गणी मागितली तर खंडणीचा गुन्हा दाखल करू. तक्रार कुणी करायची? मी? मला बारा महिने त्याच चौकात बसायचंय. ऐच्छिक देणगीची थोर परंपरा वगैरे वाचलं की हसू येतं. मला 'नाही' म्हणता येतं का, तेवढं बघा. ते येत असेल तर मी हजाराचे दोन हजारही देईन, आरतीलाही येईन.

पेठेतला | १२ ऑक्टोबर, सकाळी ८.०२

मालक, हे चूकच. समर्थन करणार नाही. पण त्या मंडळाकडे ४१-सी चा कागद असणार, पैज लावतो. मग त्या कागदानं काय साधलं?

ताळेबंद | १२ ऑक्टोबर, सकाळी ८.३०

काही नाही. कागदावरून कोण मागतंय ते कळतं, कसं मागतंय ते कळत नाही.

स्वल्पविराम | १२ ऑक्टोबर, सकाळी १०.१०

सगळे दफ्तराकडं तोंड करून का बसलात? अंताजीपंत काळ्यांचा पैसा फंड आठवा. माणशी वर्षाला एक पैसा. टिळकांनी पाठबळ दिलं आणि १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, बोर्डिंगातली पोरं लोकांनी दिलेल्या मूठ-मूठ धान्यावर शिकली. गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या. कुठला धर्मादाय आयुक्त होता तेव्हा? देणाऱ्याला माणूस ओळखता येतो. फसला तर पुढच्या वेळी देणार नाही. सरकारला मधे घातलं की इन्स्पेक्टरचा हप्ता सुरू, एवढंच.

आणि त्या निवृत्त काकांना एक विचारा, क्यूआर कोडवर त्यांनी स्वतः किती टाकले?

कृष्णाकाठ | १२ ऑक्टोबर, सकाळी १०.४०

काकांनी टाकले होते, पाच हजार. म्हणून तर विचारलं त्यांनी.

हिंगणेकरीण | १२ ऑक्टोबर, दुपारी १२.२५

स्वल्पविराम, ही मोठी नावं घेऊन 'नियम नकोत' म्हणणं सोपं आहे हो. या माणसांनी आपल्यालाच नियम लावून घेतले होते. गाडगेबाबांनी धर्मशाळांचे न्यास केले आणि घरच्यांचा त्यात हक्क ठेवला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. असा माणूस दारात आला तर कागद कोण मागेल? पण दारात येणारा प्रत्येक जण गाडगेबाबा नसतो.

मी बरीच वर्षं हिंगण्याच्या संस्थेसाठी भाऊबीज निधी गोळा करते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अण्णा कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, त्याची आजची महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था. दिवाळीच्या सुमारास आम्ही कार्यकर्त्या घरोघर जातो आणि मुलींच्या शिक्षणासाठी भाऊबीज मागतो. अण्णा तर सत्तरी ओलांडल्यावर परदेशात आणि आफ्रिकेत निधीसाठी फिरून आले, आम्ही निदान कोथरूडभर फिरतो.

सध्या आमचे हेच दिवस चाललेत. पिशवीत पावती पुस्तक, दोन पेनं, पाण्याची बाटली. पूर्वी वाड्यात शिरलं की दहा बिऱ्हाडं एका दमात व्हायची, आत बोलवून चिवडा द्यायचे. आता सोसायटीच्या वॉचमनच्या वहीत नाव-गाव लिहायचं, तो इंटरकॉमवर विचारणार, वरून "आत्ता नको" येणार. आमचा 'परवाना' तिथंच तपासला जातो. यात मला वाईट काही वाटत नाही. ज्यांना नको ते दार उघडत नाहीत, मी पुढं जाते. किराणा मालक म्हणतात तो 'नाही'चा अधिकार फ्लॅटवाल्यांना मिळाला, दुकानदाराला नाही मिळाला, कारण त्याचं दार दिवसभर उघडं.

माझी अडचण वेगळी आहे. एक आजी दरवर्षी ५१ रुपये देतात आणि पावती देवघरातल्या डब्यात ठेवतात. आता पॅन विचारायला लागतो म्हणतात. ५१ रुपयांसाठी पॅन विचारला तर त्या आजी पुढच्या वर्षी दार उघडतील का? ताळेबंद, हे खरंच लागतं का, का कुणाच्या तरी सांगण्यावरून चाललंय?

ताळेबंद | १२ ऑक्टोबर, दुपारी १.४०

ताई, छान प्रश्न. पॅन किंवा दुसरं ओळखपत्र लागतं ते देणगीदाराला ८०जी ची, म्हणजे देणगीवर आयकरात मिळणारी, वजावट हवी असेल तेव्हा. संस्था दरवर्षी अशा देणगीदारांची यादी आयकर खात्याकडं ऑनलाइन भरते, त्यानंतर जे प्रमाणपत्र निघतं त्यावरच वजावट मिळते. नुसती छापील पावती आता पुरत नाही. शिवाय २००० रुपयांच्या वर रोख दिले तर वजावट नाही, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर ८०जी चा उपयोगच नाही. आजींना बहुधा यातलं काहीच नको असणार. त्यांना एवढंच विचारा, "करासाठी पावती हवी का?" नको म्हणाल्या तर पॅनचं नाव काढू नका.

नाव आणि पत्ता मात्र लिहून घ्या. कारण निनावी देणग्यांचा नियम वेगळा आहे. धर्मादाय संस्थेकडं आलेल्या निनावी देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यांतलं जे जास्त असेल त्याच्या पुढं गेल्या, की वरच्या रकमेवर ३० टक्के कर. निव्वळ धार्मिक न्यासाला यातून सूट. म्हणजे देवळाच्या दानपेटीत गुप्तदान कितीही चालतं, गरीब मुलींच्या वसतिगृहाच्या पेटीत बेतानं.

स्वल्पविराम | १२ ऑक्टोबर, दुपारी १.५५

आणि हे सरकार मधे आल्यामुळे नाही म्हणता?

ताळेबंद | १२ ऑक्टोबर, दुपारी २.१०

सरकार मधे येण्याआधी काळ्याचा पांढरा करायला कोण कोण 'गुप्तदान' दाखवायचे ते विचारा एखाद्या जुन्या सीएला. नियमाला कारण होतं. देवळाला सूट का, त्यालाही कारण आहे, पण ते मतदारयादीत शोधा.

टेम्स_काठची | १२ ऑक्टोबर, दुपारी ४.३०

लंडनहून लिहितेय. इथं आपल्यासारखी वर्गणी नाही, पण त्रास अगदी ओळखीचा.

२०१५ मध्ये ब्रिस्टलमध्ये ९२ वर्षांच्या एका बाईंचा मृत्यू झाला. आयुष्यभर युद्धस्मृतीची पॉपी, म्हणजे कागदी लाल फुलं, विकून निधी जमवणाऱ्या. वर्तमानपत्रांनी उठवलं की मदतनिधीच्या पत्रांनी आणि फोनांनी त्यांना बेजार केलं होतं. घरच्यांनी स्पष्ट सांगितलं की मृत्यूला संस्था जबाबदार नाहीत. पण चौकशीत निघालं ते भयंकर होतं: तब्बल ९९ संस्थांकडे त्यांचा पत्ता होता. एकीला पैसे द्या, तुमचं नाव दुसरीकडं पोचणार. जो देतो त्याच्याकडंच मागायचं.

मग २०१६ मध्ये 'फंडरेझिंग रेग्युलेटर' आला. गंमत म्हणजे हे सरकारी खातं नाही. संस्थांनीच वर्गणी काढून चालवलेली यंत्रणा आहे. निधी गोळा करण्यावर वर्षाला १ लाख पौंडांहून जास्त खर्च करणाऱ्या संस्था तिला पैसे देतात. सरकारनं एवढंच बजावलं की तुम्ही नीट केलं नाही तर आम्ही कायदा करू. पुढच्या वर्षी त्यांनी एक सोय काढली: तुम्ही संस्थेचं नाव कळवायचं, तिनं तुम्हाला पुन्हा पत्र-फोन करायचा नाही. किराणा मालकांना अशी सोय मिळाली तर?

रस्त्यावर डबा घेऊन उभं राहायला मात्र आधी परवानगी लागतेच. कौन्सिलची (म्हणजे आपली नगरपालिका), लंडनमध्ये पोलिसांची. डबा सीलबंद असावा लागतो. आमच्या मराठी शाळेच्या मुलांनीही असा डबा धरलाय. उत्साह काही कमी झाला नाही. उलट सील बघून लोक निश्चिंतपणे टाकतात.

अवांतर: सीनेच्या पुरासाठी मीही एका ओळखीच्या पोराच्या क्यूआरवर माझ्या एनआरओ खात्यातून (परदेशी राहणाऱ्यांचं भारतातलं खातं) पैसे टाकले होते. त्यात काही भानगड नाही ना?

ताळेबंद | १२ ऑक्टोबर, सायंकाळी ५.१०

ताई, पासपोर्ट कुठला?

टेम्स_काठची | १२ ऑक्टोबर, सायंकाळी ५.२५

माझा ब्रिटिश, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्यांचं) आहे. नवऱ्याचा भारतीय.

ताळेबंद | १२ ऑक्टोबर, सायंकाळी ६.००

मग पैसे तुमच्या नवऱ्यानं टाकायला हवे होते. परकीय योगदानाच्या कायद्यात नागरिकत्व बघतात, मन नाही. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परकीय धरत नाहीत. ओसीआयवाल्यांचे धरतात, मग ते भारतातल्या खात्यातून का असेनात. आणि या कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी नसलेल्यानं ते घ्यायचे नसतात.

२०२० च्या दुरुस्तीनं तर हे आणखी आवळलं. परदेशी निधी आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरायला हवा, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली, आणि एका संस्थेनं दुसरीला निधी पुढं द्यायचा नाही. शेवटच्या नियमानं खेड्यातल्या लहान संस्था मेल्या. त्यांना इंग्रजी अहवाल लिहिता येत नाहीत, म्हणून शहरातली मोठी संस्था पैसे आणायची आणि त्यांना द्यायची. नियमनानं देणं आटतं याचं उदाहरण हवं असेल तर स्वल्पविरामांनी पैसा फंडापेक्षा हे द्यावं.

रुग्णमित्र | १२ ऑक्टोबर, रात्री ८.१५

कृष्णाकाठ, 'परवानगी नको, नंतर हिशोब' याला माझा विरोध. मी रुग्णालयात समाजसेवा विभागात काम करतो. आमच्याकडं नंतर उशीर झालेला असतो.

रोज बघतो ते सांगतो. रुग्णाचा फोटो, नळ्या दिसतील असा, खाली 'फक्त ४८ तास', खाली नंबर. फोटो खरा, आजार खरा, नंबर कुणा तिसऱ्याचाच. आई बिचारी वॉर्डाबाहेर बसलेली, तिला पत्ताही नाही की तिच्या मुलाच्या नावानं पैसे जमतायत. किंवा शस्त्रक्रिया झाली, बिल फिटलं, तरी मेसेज वर्षभर फिरतोय. २०२१ मध्ये मुंबई-पुण्याकडं १६ कोटींच्या इंजेक्शनसाठी लहान बाळांच्या मोहिमा झाल्या, अनोळखी माणसांनी शंभर-पाचशे टाकून रक्कम उभी केली. देणारा समाज आहे, यात शंका नाही. म्हणूनच लुटारूही आहेत.

एक प्रश्न आधी विचारत जा: पैसे रुग्णालयाच्या खात्यात थेट भरता येतील का? रुग्णाचा नोंदणी क्रमांक घालून? खरा गरजू 'हो' म्हणतो. मोहीम चालवणाऱ्या ऑनलाइन मंचावर देत असाल तर पैसे देण्याआधी खालचा 'टिप'चा, म्हणजे मंच स्वतःसाठी मागतो तो, टक्का बघा, तो बहुतेकदा आधीच भरलेला असतो आणि शून्य करता येतो.

आणि क्राउडफंडिंगच्या आधी दुसरा दरवाजा आहे तो कुणी ठोठावत नाही. त्याच विश्वस्त कायद्याचं कलम ४१-एए आणि उच्च न्यायालयानं घालून दिलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी बिलांतले २ टक्के वेगळ्या निधीत टाकतात. हा निधी म्हणजे सक्तीचं दान म्हणा हवं तर. लोक गल्लीत डबा फिरवतात आणि तळमजल्यावरच्या या खिडकीपर्यंत जात नाहीत, कारण ती खिडकी कुठंय हे रुग्णालय ठळकपणे सांगत नाही.

वाशिष्ठी | १२ ऑक्टोबर, रात्री ८.५०

चिपळूणची. २२ जुलै २०२१ ला घरात पाणी होतं. रुग्णमित्र, तुमचं आजाराबाबत पटलं, पण पुरात आधी परवानगी कुणाकडून घ्यायची? शासकीय कचेऱ्यांतसुद्धा पाणी असतं तेव्हा. पहिले चार दिवस जो आला तो देव. पाचव्या दिवसापासून हायवेजवळच्या वाड्यांत बिस्किटांचे पुडे रचलेले आणि आतल्या वाड्यांत कोण फिरकलं नाही. तिथं मला नियम हवा होता. पैशांचा नव्हे, कुठं जायचं ते सांगणारा कुणीतरी.

कृष्णाकाठ | १२ ऑक्टोबर, रात्री ९.३०

वाशिष्ठीताई, सांगलीत हेच.

रुग्णमित्रांच्या मुद्द्यावर मी थोडा सरकतोय. ओळखीतून होणारी मदत आणि अनोळखी माणसांकडं मागणं, या दोन गोष्टी आहेत. गल्ली, ऑफिस, शाळेची बॅच, भिशी, इथं माणूस समोर असतो. चुकला तर लग्नकार्यात गाठून विचारता येतं. तिथं सरकारनं लक्षच घालू नये. पण मेसेज गल्लीच्या बाहेर गेला की ओळख संपते. तिथं आधी कळवणं सक्तीचं असावं. कळवणं म्हणतोय, परवानगी नव्हे. ऑनलाइन नोंद: कोण, कशासाठी, कुठलं खातं, कधीपर्यंत. लगेच एक क्रमांक मिळावा, तो मेसेजमध्ये टाकायचा. देणारा क्रमांक टाकून बघेल. साहेबाची सही लागली तर पूर ओसरून ज्वारी पेरायची वेळ येईल.

आणि हिशोब कार्यालयात सादर करून काय उपयोग? तो फायलीत जातो. जिथं पैसे मागितले तिथं लावा. कोड ज्या ग्रुपवर फिरला त्याच ग्रुपवर जमाखर्च. वाटप ज्या गावात झालं त्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर काय वाटलं याची यादी. म्हणजे घेणाऱ्यालाही वाचता येईल.

स्वल्पविराम | १२ ऑक्टोबर, रात्री ९.४५

फळ्यावर यादी याला मात्र अनुमोदन. फुकट आहे आणि इन्स्पेक्टर लागत नाही.

किराणा_मालक | १२ ऑक्टोबर, रात्री १०.२०

माझं काय झालं? क्रमांक-बिमांक ठीक. मंडळाच्या परवान्यावर एक अट छापा: पावतीवर आकडा देणाऱ्यानं स्वतःच्या हातानं लिहायचा. दुसऱ्याच्या अक्षरातली पावती दिसली तर पुढच्या वर्षी परवानगी नाही. तक्रारदार लागत नाही, पावती पुस्तकच साक्ष देतं.

पेठेतला | १२ ऑक्टोबर, रात्री १०.३५

हे भारी आहे. आमच्या पुढच्या बैठकीत मांडतो. (काही कार्यकर्ते मला खातील.)

हिंगणेकरीण | १३ ऑक्टोबर, सकाळी ९.१०

ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं काय, मालक? माझ्या त्या आजींचा हात थरथरतो. आकडा मीच लिहिते.

किराणा_मालक | १३ ऑक्टोबर, सकाळी ९.३०

मग ५०० च्या वर लावा ताई. ५१ वाल्यांना कोण धमकावतंय.

कृष्णाकाठ | १३ ऑक्टोबर, रात्री ८.००

काल त्या पोराच्या घरी गेलो होतो. बिलं आहेत, बहुतेक सगळी. टेम्पोचं भाडं रोखीत दिलंय, त्याची पावती नाही. वाटप संपून थोडे पैसे उरलेत, त्याचीच त्याला धास्ती आहे. ते परत कसे करायचे? शे-दोनशे टाकणारे खूप आहेत. काका स्वतः त्याच्याबरोबर बसून जमाखर्च लिहून द्यायला तयार झालेत, हे विशेष. उरलेल्यातून तिथल्या शाळेच्या पोरांना दप्तरं द्यावीत असं त्यांचं म्हणणं. ताळेबंद, चालेल का? आणि पुढच्या वेळी ४१-सी चा अर्ज करायचा तर उद्देशाच्या रकान्यात 'पूरग्रस्तांना मदत' एवढं लिहिलं की भागतं का?

ताळेबंद | १३ ऑक्टोबर, रात्री ९.२०

टेम्पोवाल्याकडून साध्या कागदावर सही घ्या: तारीख, गाडी नंबर, कुठून कुठं, किती रुपये. आजच घ्या, तो अजून ओळखतोय तोवर.

उरलेले पैसे: ज्या ग्रुपवर मागितले तिथंच रक्कम आणि दप्तरांचा प्रस्ताव टाका, चार दिवसांची मुदत द्या, ज्याला आपला वाटा परत हवा त्याला परत करा. पूरग्रस्त गावातल्याच शाळेला दिलेत तर मूळ हेतू सुटत नाही. गल्लीच्या गणपतीत वळवू नका, तिथं भांडण आणि कायदा दोन्ही उभे राहतात. उरलेलं खर्चून खातं शून्यावर आणा आणि तो क्यूआर बंद करा. मेसेज फिरत राहतो, पुढच्या पावसाळ्यातसुद्धा कुणी टाकत राहील.

रकान्यात तेवढं लिहून भागणार नाही. तालुका, गावं, काय देणार, किती तारखेपर्यंत गोळा करणार, आणि उरलं तर काय करणार, हे पाचही लिहा. शेवटचं कुणी लिहीत नाही आणि भांडण नेमकं त्याच्यावर होतं. उद्या ऑफिसातून नमुना टाकतो.